कॅनडावाल्याची तिसरी ओळ

आमच्या आत्याच्या भाडेकरूइतका निरुपयोगी आंदोलक अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. माणूस कॅनडाचा. तिकडे तीस वर्षं गिटार घेऊन गावोगाव ब्लूज गायला. कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या दुःखातून निघालेलं हे गाणं, म्हणजे आमच्याच कामाचं! एकदा लोणारचं सरोवर पाहायला आला, तेव्हापासून दर हिवाळा आत्याच्या माडीवर. मराठी आत्याकडूनच शिकला, त्यामुळे तहसीलदारालाही "काऊन बे" म्हणतो. गिटारच्या तारांवरून फिरवायला त्याला काचेच्या बाटलीची मान लागते, म्हणून आत्याच्या खोकल्याच्या औषधावर डोळा. "आत्या, तुमाले खोका म्हणून नाही राह्यलो, पण औषध संपलं का?" वाजवणार मात्र दार लावून. बायको त्याच्यासोबत गायची. सहा वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हापासून त्यानं लोकांसमोर तोंड उघडलं नव्हतं.

हे मला मान्य नव्हतं. गावच्या दवाखान्याला डॉक्टर नाही, माझी पाच पत्रकं वाटून झालेली, धरण्याला माणूस येईना. मी माडीवर जाऊन सुनावलं, "काका, लोकांचं दुःख दाराआड गाणं हा ढोंगीपणा आहे!"

"तुह्या पत्रकात दम नाही, म्हणून मले उभं करतं का बापू?" तो म्हणाला. पण आला. धरण्याला, गिटार घेऊन.

ब्लूजची रीत अशी, की पहिली ओळ दोनदा आणि तिसरीत उत्तर. आमची मागणी तिसऱ्या ओळीत होती. "दवाखाना हाये, डॉक्टर नाही," तो दोनदा गायला, आणि गर्दी दिसावी म्हणून मी मागे आणून बसवलेल्या भजनी मंडळानं तीच ओळ मागून म्हणत रीतसर झील धरली, टाळमृदंगासकट! ओळ दुसऱ्यांदा म्हणणं हे आमच्याकडे झीलकऱ्यांचं काम. तो थबकला. मग त्यानं ओळ एकदाच म्हटली, मंडळानं उचलली. पुन्हा तेच. निवेदन घ्यायला आलेला साहेब मान डोलावून निघूनही गेला.

"अहो, मागणी पुढं आहे!" मी ओरडलो.

"मंग बुवानं पुढं न्यावं," मृदंगवाले आजोबा म्हणाले, "आम्ही तं झीलकरी."

धरणं संपल्यावर मी कॅनडावाल्याला धरलं. "तिसरी ओळ काऊन नाही म्हटली?"

"दुसऱ्या खेपेची ओळ तिची राहे बापू," गिटार पुसत तो म्हणाला. "सहा वर्षं मीच दोनदा म्हणून राह्यलो होतो."

डॉक्टर अजून आलेला नाही. मी सहावं पत्रक लिहितो आहे. दर गुरुवारी कॅनडावाला भजनी मंडळात जाऊन बसतो, ओळ एकदाच म्हणतो आणि मंडळ ती उचलेपर्यंत थांबतो. मी जवळून जातो, पण पुढची ओळ मागत नाही.