उरलेल्याचं काय करायचं

तुम्ही जुनी झाली म्हणून दिलेली साडी पुढे कुणाच्या अंगावर चढते, आणि जिच्या अंगावर चढते तिला ती हवी होती का, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी मंठाळ, कर्नाटकाच्या सीमेवरचं आमचं गाव, सोडलं त्या सकाळी आमच्या फाट्यावर यावरूनच नाटक झालं. मला पुण्यात नोकरी लागली होती. बसवकल्याणला नेणारी जीप यायची होती. नवी रेक्झिनची बॅग अप्पांच्या पायाशी होती. तेवढ्यात गोदाकाकू धापा टाकत आली. तिच्या शेतात माझी माय खुरपायला जायची. काकूच्या हातात तिच्या लेकीचा स्वेटर होता, निळा, कोपरावर विरलेला, धुऊन घडी घातलेला.

"पुण्यात लई थंडी असते म्हणं. ऱ्हाऊ दे पोरीला."

मी हात पुढे केला. अप्पांनी स्वेटर मधल्यामध्ये घेतला, दोन्ही हातांनी काकूला परत दिला आणि हसत म्हणाले, "गारठली तर गारठू द्या काकू. पगार झाला की नवा घेईल."

काकू हिरमुसली. बिचारीच्या मनात वाईट काही नव्हतं. मन चांगलं असलेल्या माणसाला नकार देणं फार अवघड असतं, अप्पांना ते सोपं जायचं. जीप आली तेव्हा त्यांनी मला आशीर्वाद दिला नाही, वाक्य दिलं: "कुणाचं उतरलेलं अंगावर न्हाई, कुणाचं उरलेलं पोटात न्हाई. पुण्यात बी न्हाई." सोलापूर येईपर्यंत मी दात वाजवत बसले होते. थंडी होती, पण मान ताठ होती.

हे वाक्य अप्पांचं नव्हतं, त्यांच्या बापाचं होतं. आज्ज्याच्या लहानपणी आमची माणसं गावाची हलकी कामं करायची आणि त्या बदल्यात दारोदार उभं राहून शिळ्या भाकरी घ्यायची. आज्ज्यानं धम्म घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून टोपली बंद केली. भाकरी थांबल्या, भूक थांबली नाही. आज्जी सांगायची, त्या पावसाळ्यात पोरांनी नुसती बांधावर उगवणाऱ्या तरोट्याची भाजी खाल्ली, मीठ असलं तर मीठ घालून. म्हणजे आमच्या घरातलं हे तत्त्व फुकट आलेलं नाही. ते पोटाला चिमटा काढून विकत घेतलेलं आहे.

माझ्या लहानपणी अप्पा बिदरजवळ कोळारच्या एका गोदामात पॅकिंगला होते. रविवारी घरी यायचे ते चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. शिल्लक पत्रकांची कोरी बाजू म्हणजे माझी गणिताची वही. एका बाजूला "उष्टं नको, हक्क हवा", दुसऱ्या बाजूला माझा चुकलेला भागाकार. मी अक्षरं पुस्तकात नाही, पत्रकांत शिकले. म्हणून माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं जास्त असतात, असं ऑफिसात म्हणतात. असू देत.

आणि बाकी घर कसं होतं? आमच्याकडे कचरा नावाची वस्तूच नव्हती. मोरीचं पाणी शेवग्याला. तांदळाचं धुवण शेळीला. चुलीत तुरीच्या काड्या, चुलीतली राख भांड्यांना. मायचं लुगडं फाटलं की त्याची वाकळ, वाकळ झिजली की पोतेरं, पोतेऱ्याच्या चिंध्या शेवटी चूल पेटवायला. सकाळची भाकर संध्याकाळी ताकात कुस्करून. अन्नाचा कण टाकला तर माय हात उगारायची. फक्त हे सगळं आमचं आमच्यातच फिरायचं. आमचं जुनं आम्ही झिजवायचो. दुसऱ्याचं जुनं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं.

पुण्यात घर शोधताना आडनाव सांगितल्यावर कितीतरी फ्लॅट एकाएकी "कालच गेले". शेवटी एका सोसायटीत नीलिमाताईंनी वन बीएचके दिला. त्या वरच्याच मजल्यावर राहायच्या आणि सोसायटीच्या पर्यावरण गटाच्या प्रमुख होत्या. ओला कचरा, सुका कचरा, गच्चीवर कंपोस्ट, बाजाराला कापडी पिशवी. मला आनंदच झाला. वाटलं, शहर शेवटी माझ्या मायच्या मोरीपर्यंत आलं! एका बैठकीत मी आमच्या घरच्या सवयी सांगितल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीलिमाताई म्हणाल्या, "बघा, गरिबी माणसाला किती शिकवते!" मीही हसले. भाडेकरूनं हसायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात माय गुडघा दाखवायला आली आणि दोन महिने राहिली. मी सकाळी जायची, संध्याकाळी यायची. एक दिवस डोकं दुखतं म्हणून दुपारीच परतले. माय ओट्यापाशी उभी राहून खात होती. हातात काचेचा डबा, निळ्या झाकणाचा. आमच्याकडे असला डबा नव्हता. आत थिजलेला पुलाव, वर तुपाचा पांढरा थर.

"माय, हे कुणाचं?"

ती दचकली नाही. घास गिळला. "वरच्या बाईचं. शिळं हाय, पर नासलं न्हाई."

"कधीपासून खायलीस?"

"आले तवापासून. एक दिवसाआड देत्यात."

"कामून घेतलीस?"

"न्हाई म्हणू? आन त्या बाईनं तुला घर खाली कर म्हणलं तर? फोनवर तूच रडली व्हतीस न्हव्हं, कुणी घर देईना म्हणून."

"मग घ्यायचं आणि टाकून द्यायचं."

आता मात्र ती चिडली. "अन्न टाकू? तुझ्या आज्जीनं तरोटा खाल्ला आन मी पुलाव टाकू?"

"वॉचमनला द्यायचं."

"आपण घेत न्हाई ते त्याला कसं देऊ? त्याला काय बाप न्हाई?" तिनं डबा विसळायला घेतला. "माझं तोंड व्हतं. झालं मिटलं."

बघा, आमच्या घरात दोन कायदे होते. अन्न टाकायचं नाही. दुसऱ्याचं उरलेलं खायचं नाही. मंठाळात हे दोन कायदे कधी समोरासमोर आले नाहीत. पुण्यात आले, आणि माझ्या मायनं दोन्ही आपल्या पोटात घातले.

नुसता पुलाव नव्हता. कॉटखाली एक साडीही निघाली, मोरपंखी, पदराजवळ चहाचा डाग. नीलिमाताईंनी ती तिला नेसायला लावून गच्चीवर फोटो काढला होता. "जुन्या साडीला नवं आयुष्य!" असं लिहून तो गटावर टाकला होता. गटावरून कुठं कुठं गेला कुणास ठाऊक, पण आमच्या पुण्यातल्या एका चुलतभावामार्फत तो मंठाळला अप्पांच्या फोनवर पोचला.

मी डबा घासून, साडी इस्त्री करून वर गेले. "ताई, तुमचं तुम्हाला. साडी चांगली आहे, तुम्हीच नेसा."

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? वाया जाऊ नये एवढंच. आपण हे पर्यावरणासाठी करतो."

"मग पुलाव तुम्हीच का नाही खाल्लात?"

त्या खरंच गोंधळल्या. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. "आमच्याकडे शिळं कुणी खात नाही गं."

त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं श्रेय त्यांना देते. महिनाभरात त्यांच्या मुलाला अचानक फ्लॅट हवा झाला. मी सामान बांधलं. मुलगा अजून कॅनडातच आहे.

पण हा लेख नीलिमाताईंवर असता तर मी लिहिलाच नसता. त्यांच्यासारख्यांवर पत्रकं काढत मी मोठी झाले, त्यात नवं काय? नवं पुढे आहे.

अप्पांचा फोन आला तो मला नाही, मायला. फोन स्पीकरवर होता. "साडी उतरवून ठेवशील. पोटात गेलंय त्याचं काय करतीस?" एवढंच बोलून त्यांनी ठेवला. मायनं फोन पदरानं पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "धुऊन निघत न्हाई ते."

तिला सोडायला मी मंठाळला गेले. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी तिची पिशवी उचलून आत ठेवली, गुडघा कसा आहे विचारलं. मायनं भाकरी केल्या. अप्पा उठले, परातीत पीठ घेतलं आणि स्वतः थापायला बसले. "माझं मी करून घेतो." त्या दिवसापासून माय अंगणात तीन दगडांवर रांधते आणि अप्पा आतल्या चुलीवर. गल्लीला करमणूक झाली. आत्या दारातून जाता-येता विचारते, "काय रे दादा, घरातच सीमाप्रश्न? कर्नाटक कुठलं आन महाराष्ट्र कुठला?" माय तिला अंगणातून सांगते, "त्येंची भाकर बघून या, कळंल. नकाशाच हाय." आणि मला हळूच म्हणाली, "एका चुलीच्या दोन झाल्या, काड्या दुप्पट लागायल्यात. तुझ्या त्या हिरव्या बाईला कळव."

मी अप्पांसमोर बसले. ज्या माणसाकडून भांडायला शिकले त्याच्याशी भांडायला बसले.

"अप्पा, तिच्या हातचं खात नाही म्हणजे तुम्ही काय करायलात, कळतंय का? याला आपल्या पत्रकात काय म्हणतात?"

"मी विटाळ मानत न्हाई. मी तत्त्व मानतो."

"तिनं माझ्या छपरासाठी खाल्लं."

"मग छप्पर सोडायचं."

"सोडलं की."

"आधी सोडायचं." त्यांनी करपलेली भाकर मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी ताटात राहिली.

मग मला जे दिसलं ते मी लहानपणापासून बघत आले होते. माय आली, त्यांचं ताट उचललं, ओट्यावर बसली आणि ती अर्धी करपलेली भाकर खायला लागली. आपली गरम भाकर टोपलीत झाकून ठेवून! अप्पा उंबऱ्यात पत्रकाचं प्रूफ वाचत होते. त्यांना त्यात काही दिसलं नाही.

मी म्हणाले, "अप्पा, कुणाचं उरलेलं पोटात न्हाई ना? मग ही काय खायलीय? ही तीस वर्षं काय खातीय? आधी तुमचं ताट, मग माझं, मग जे राहील ते. त्याचं पत्रक कुणी काढलं?"

"घरातलं उरलेलं येगळं," ते म्हणाले. प्रूफवरून नजर उचलली नाही.

"कसं वेगळं?"

माय मधेच म्हणाली, "गप बस सुजे. भाकर थंड व्हायलीय." आणि खात राहिली.

यावर अप्पांचं उत्तर अजून आलेलं नाही. चुली अजून दोन आहेत. मी आता पुण्यात एका पत्र्याच्या खोलीत राहते, मोरीचं पाणी कढीपत्त्याला घालते, ओला कचरा बादलीत कुजवते. माय फोनवर विचारते, "येणार कधी?" पण तिला तिकडून इकडे कायमचं यायचं नाही. अप्पांना सोडून तिला करमत नाही, जे अप्पा तिच्या हातचं खात नाहीत. मला घराचं विचारतात तेव्हा मंठाळ म्हणताना जीभ अडते. जिथं माझी माय कुणाच्या ताटातलं खात नाही, ते माझं घर. ते अजून कुठंच बांधलेलं नाही, पुण्यातही नाही, आमच्या गल्लीतही नाही.

म्हणून गावातल्यांना आणि गाव सोडून गेलेल्यांना, बौद्धांना, शेतकऱ्यांना, फ्लॅटवाल्यांना माझी एकच विनंती आहे. वाया घालवू नका, जरूर. पण आज रात्री तुमच्या घरात जे उरेल ते फ्रिजमध्ये ढकलू नका, कामवालीच्या पिशवीत घालू नका, फाटकाशी ठेवू नका. जी रांधते तिला आधी बसवा. तव्यावरची पहिली भाकर तिच्या ताटात टाका. आणि उरलेलं, घरातल्या पुरुषांनो, पत्रकं लिहिणाऱ्यांनो, तुम्ही खा. अप्पा, तुम्हीसुद्धा.