लगेज नव्हे, प्रवासी

लिफ्टमध्ये शिरले की निमसेकाका खिशातून तिकिटाचा पंच काढून दांडीवर दोनदा ठोकायचे. टक टक. मगच बटण दाबायचे. शहर बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केलेली. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे हाडात भिनलेलं. निवृत्तीच्या दिवशी पंच स्वारगेट डेपोत जमा करायचा होता. काकांनी साहेबाला तोंडावर सांगितलं, "हरवला." पंच तेव्हा त्यांच्या हातातच होता.

हडपसरला आयटी पार्क आले तेव्हा आमच्यासारख्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये आधी सोफा यायचा, मग लॅब्रॅडॉर. पिल्लं मांजरी गावातल्या पैदाशीच्या एका शेडमधून मिळायची. माझ्या लेकीचा ब्रूनो तिथलाच. पिल्लाची आई कुठे आहे, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही, सांगायला लाज वाटते. पुढे त्या शेडवर छापा पडला आणि तिथली सहा वर्षांची एक मादी काकांनी घरी आणली. एकटा माणूस, तिसरा मजला. नाव ठेवलं मालन.

मालन दोन पावलं चालायची आणि वळायची. तिचा पिंजरा तेवढाच होता. जाळीवर उभं राहून बोटं फाकलेली. सपाट फरशीलाही घाबरायची, मग जिना तर दूरच. सगळं बाल्कनीत व्हायचं आणि वास खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या अध्यक्षांकडे जायचा. कमिटीनं ठराव केला: कुत्र्याला लिफ्ट बंद, आणि पंधरा दिवसांत ते जिन्यानं उतरायला लागलं नाही तर सोसायटीबाहेर. बाहेर म्हणजे कुठे, ते ठरावात नव्हतं. मी म्हटलं, काका, रोज मी उचलून नेतो. ते माझ्यावरच उखडले.

"उचलली की लगेज झाली, इंजिनिअरसाहेब. सहा वर्षं लगेजच होती. आता ती प्रवासी आहे. आपल्या पायांनी उतरेल."

रोज सकाळी काका जिन्यात बसायचे. खालच्या पायरीवर भाकरीचा तुकडा ठेवायचे आणि कठड्यावर पंच वाजवायचे, टक टक. मालन थरथर कापायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं कुणी चुकचुकलं की काका म्हणायचे, कीव स्वतःची करा, तुम्हाला एक मजला चढायला लिफ्ट लागते. तेराव्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि तिथे जी बसली ती उठेचना. पंधराव्या दिवशी सकाळी काका तिला "अगं बाई, एवढं कर" म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. त्यांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

आणि त्याच वेळी तळमजल्यावर अध्यक्ष बोर्डावर नोटीस ठोकत होते. मालनचीच. हातोडीचे दोन ठोके पडले, ठक ठक.

मालन उठली. एकेक पायरी चाचपत, पोट जिन्याला घासत उतरली ती थेट अध्यक्षांच्या पुढ्यात. त्यांची हातोडी हवेतच राहिली.

"डबल बेल तुम्हीच दिलीत," काका म्हणाले. "आता दार अडवू नका. पुढे सरका."

मी हसता हसता रडलो, खोटं कशाला सांगू?

पुढची चार वर्षं मालन कालव्याच्या कडेनं ब्रूनोबरोबर पळाली. हा हिचाच असेल का हो, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, पळतेय तर पळू द्या, कशाला चौकशा?

काका गेल्या वर्षी झोपेतच गेले. चौथ्या दिवशी अध्यक्ष त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. मी आतच होतो, मला म्हणाले, कुत्र्याची कुठेतरी सोय लावून टाका, हवं तर टेम्पो सांगतो. मालन काकांच्या चपलांवर डोकं टेकून पडली होती. चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. माझं डोकं फिरलं. काकांचा पंच मी घेऊन ठेवला होता. तो चौकटीवर वाजवला, टक टक.

तिनं पंचाकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली.

"टेम्पो लगेजला लागतो," मी अध्यक्षांना म्हटलं. "ही प्रवासी आहे, माझ्याकडे येतेय. पुढे सरका."

ते सरकले.