सुतकाची ओळ

आमच्या पाणीवाटप संस्थेची स्मरणिका निघते आहे. तिच्या कच्च्या प्रतीत असं छापलंय की, सुरुवातीच्या काळात बारामतीच्या एका गृहस्थांनी दिलेल्या सदोष संगणक प्रोग्राममुळे काही सभासदांची पाण्याची पाळी चुकली. सध्याच्या सचिवांनी हे इतिवृत्ताच्या जुन्या वहीतून उतरवून घेतलं. वहीतलं अक्षर माझं आहे. तेव्हा सचिव मी होतो. ते वाक्य खोटं आहे, आणि लिहितानाच मला ते माहीत होतं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. कालव्याचा आमचा फाटा सणसर आणि अंथुर्ण्याच्या मधल्या रानांतून जातो. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की कुणाच्या रानात कधी आणि किती तास पाणी जायचं, याची यादी मी हाताने करायचो आणि दर वेळी शिव्या खायचो. एका संस्थेने वापरून टाकलेला कम्प्युटर आम्हाला मिळाला होता, पण तो टेबलक्लॉथखाली झाकून ठेवलेला असायचा.

ते गृहस्थ बारामतीत एका बँकेत कारकून होते. सासुरवाडी आमच्या गावची. सासऱ्यांच्या तोंडून पाळीची भांडणं ऐकून त्यांनी रविवारी रविवारी बसून एक प्रोग्राम लिहिला. नावं, गट नंबर, क्षेत्र भरलं की प्रिंटर करकरत यादी बाहेर काढायचा. फ्लॉपीसोबत त्यांनी प्रोग्रामची ओळ न् ओळ कागदावर छापून दिली होती. चालू केल्यावर पडद्यावर पहिल्यांदा रोमन अक्षरांतली मराठी यायची : हे फुकट आहे. वापरा, बदला, दुसऱ्यांना द्या. चुकलं तर कळवा, जमेल तसं बघतो.

आम्ही त्यातलं 'जमेल तसं' सोडून बाकीचं वाचलं.

पहिलं आवर्तन भांडणाशिवाय पार पडलं. त्याचं कुणी कौतुक केलं नाही. दुसऱ्यापासून मागण्या सुरू झाल्या. दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांची पाळी लागोपाठ नको. एकाला बाजाराच्या दिवशी नको. अध्यक्षांना आपलं नाव यादीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत हवं. मी बँकेत फोन करायचो. मॅनेजर त्यांना फोनवर बोलावून देईनासे झाले, तेव्हा मी माणसं थेट घरी पाठवायला लागलो. तीही रविवारी, जेवणाच्या वेळेला, म्हणजे ते हमखास सापडतील. ते ताटावरून उठून ऐकून घ्यायचे. एकदा मीच गेलो होतो, तेव्हा हात धुताना म्हणाले, "तात्या, म्हैस मी फुकट दिली. आता रोज धार काढायलाही मीच यायचं का?"

मी हे गावात येऊन अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "मग दिली कशाला? आमी मागाय गेलतो व्हय? गळ्यात बांधलीय तर काढंल की धार."

मी हसलो. पुढच्याच रविवारी आणखी दोघांना पाठवलं.

मग सुतकाचा प्रश्न आला. आमच्याकडे रिवाज असा की, आवर्तनाच्या तोंडावर कुणी वारलं तर त्या घराची पाळी यादीच्या शेवटी टाकायची. सुतक सगळ्या भावकीला असतं. पण तिसऱ्या दिवशी सावडून झालं की बाकीची घरं आपापल्या पाळीला पाटावर हजर होतात. पाळी मागे जाते ती फक्त मयताच्या घराची. मी फोन करून म्हणालो, हे प्रोग्राममध्ये घाला. ते म्हणाले, "मुलीची परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात जमेल. घाई असेल तर तुम्हीच एक ओळ घाला. कागद तुमच्याकडं आहेच."

मला तो अपमान वाटला. फुकट दिलं म्हणून स्वतःचं काम आपल्यालाच सांगतात. मी एक पुस्तक आणलं, चार दिवस त्यांचे कागद वाचले आणि ओळ घातली. सुतक कुणाला, असा प्रश्न यायचा आणि उत्तरात मी आडनाव घ्यायचं ठरवलं, कारण आमच्याकडे सुतक म्हटलं की पहिल्यांदा आडनावच डोळ्यापुढे येतं. तपासून पाहिलं ते एका शिक्षकाच्या आडनावावर. फाट्यावर त्या आडनावाचं दुसरं घर नव्हतं. यादी बरोबर आली. मी कुणाला काही बोललो नाही. लोक प्रोग्राम त्यांचाच समजत होते.

उन्हाळी आवर्तनाच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या भावकीतले एक म्हातारे वारले. मी आडनाव टाकलं, यादी छापली, फळ्यावर लावली. त्या आडनावाची सगळीच्या सगळी घरं यादीच्या तळाला गेली होती. मी बघितलं नाही. तीन दिवस ती माणसंही सुतकाच्या धावपळीत होती.

चौथ्या दिवशी त्यांच्यातला एक जण ऑफिसात आला. त्याची वांगी ऐन तोडणीला आली होती.

"तात्या, आमी तळाला कसं गेलो? म्हातारं त्येंच्या घरातलं गेलं. माझ्या वांग्यांनी काय पाप केलं?"

"यादी कम्प्युटरनं काढली. मी काय करणार त्याला?"

"मग हातानं बदल की."

"असं बदलता येत नाही. सगळ्यांच्या सह्या लागतात."

"तुज्या हातात पेन हाय न्हवं? आजवर सह्या मागितल्या व्हत्यास का कुणाच्या?"

तो गेल्यावर मी कम्प्युटर लावला आणि माझी ओळ पाहिली. एका मिनिटात कळलं. कालव्याला अजून सहा दिवस पाणी होतं. पेन्सिलीने यादी सुधारली असती तर त्या भावकीची रानं भिजली असती. पण मग, मी प्रोग्राममध्ये हात घातला होता, हे सांगावं लागलं असतं. मी टेबलक्लॉथ टाकला आणि घरी गेलो.

यादीच्या तळापर्यंत पाणी सहसा पुरत नसे. त्या वेळीही पुरलं नाही. कालवा बंद झाला आणि त्या भावकीची वांगी, टोमॅटो, कोबी उभ्या जागी वाळले.

सभा बोलावली. त्या गृहस्थांना बारामतीहून बोलावून घेतलं. ते एसटीने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आल्या आल्या म्हणाले, आधी प्रोग्राम बघू द्या. ऑफिसात दहा मिनिटं पडद्यासमोर बसले. मी मागे उभा होतो. त्यांना काही सापडलं नाही असं मी धरून चाललो, कारण उठताना ते काही बोलले नाहीत.

सभेत वांगीवाल्याने यादीचा बोळा करून त्यांच्या अंगावर टाकला. अध्यक्ष म्हणाले, "सायेब, जमत न्हवतं तर आमच्या गावात कशाला आणलं हे? बँकेत बी असंच करता का?" लोक हसले. कोपऱ्यात त्यांचे सासरे बसले होते. कुणीतरी म्हणालं, "जावयाला आवरा की वो." सासरे उठून गेले. त्या गृहस्थांनी एवढंच सांगितलं, "प्रोग्राम वापरणं बंद करा." मी ठराव लिहिला. सदोष हा शब्द मीच सुचवला.

शेजारच्या दोन संस्थांनी तो प्रोग्राम मागितला होता. त्यांना नंतर त्या गृहस्थांनी कळवलं, मी ते काम सोडलं.

गेल्या महिन्यात मी बारामतीला त्यांच्या घरी गेलो. तेही म्हातारे झालेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं.

"मला माहीत आहे. मी ती ओळ तेव्हाच वाचली. अशी ओळ मी लिहिली नसती."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चूक सापडली ना, मग आता दुरुस्त करून द्या."

ते हसले नाहीत. चहाचं विचारलं नाही. मी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाले, "माफी घेऊन मी काय करू? माझे सासरे त्या दिवसानंतर तुमच्या देवळाच्या पारावर बसले नाहीत. मरेपर्यंत. तुम्ही वहीत लिहिलं होतं ना? मग लिहूनच द्या."

परत आल्यावर मी सध्याच्या सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरताय तात्या? तांत्रिक अडचण आली, असं घालतो की." तांत्रिक अडचण आली नव्हती. वांगीवाला अजून हयात आहे. त्यालाही हे वाचू दे, आणि मग त्याला जे बोलायचं असेल ते माझ्या दारात येऊन बोलू दे.

स्मरणिकेत ते वाक्य काढून तिथे हे छापावं : त्या उन्हाळी आवर्तनात एका भावकीची पाळी संस्थेच्या सचिवाने चुकवली. कारण कळल्यावर सहा दिवस पाणी असूनही त्याने यादी सुधारली नाही. बारामतीच्या गृहस्थांनी दिलेला प्रोग्राम बरोबर होता.