मेंढ्यांचं अंथरूण

माझी सासू सेर्स्मा तोंडाने भारी फटकळ. आमच्या नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या घरात शिरताना कुणाचा पाय उंबऱ्यावर पडला, तर तो कितीही मोठा पाहुणा असो, त्याची धडगत नसायची. मी लग्न होऊन गावातून इकडे माळावर आले तेव्हा तर दिवसभर माझाच उद्धार चालायचा. "शेगडीत शेणी अशा कोंबतात का गं? आईने नुसतं केस विंचरायलाच शिकवलं वाटतं!" मला असा राग यायचा, पण गप्प बसायचे.

पहिल्याच वर्षी थंडीच्या तोंडावर ती गुडघा दाखवायला वीस दिवस गावी गेली. नवरा गांतुमुर लोकांच्या घोड्यांमागे, राखणीला. म्हटलं, आता हिला दाखवतेच. मेंढ्यांच्या वाड्यात लेंड्यांचा वीतभर कोरडा थर होता. तो मी मातीपर्यंत खरवडून काढला आणि बाहेर ढीग घातला. वाडा कसा लख्ख! दोन दिवसांनी ओला बर्फ पडला, मागोमाग कडाक्याची थंडी. ढिगाचा दगड झाला.

सासू परतली, वाड्यापाशी थांबली आणि चक्क काहीच बोलली नाही. तेव्हाच माझं धाबं दणाणलं.

"अगं बये, ते मेंढ्यांचं अंथरूण होतं," ती शेवटी म्हणाली. "गाभण मेंढी गोठलेल्या जमिनीवर बसली, तर कोकरू जगेल का?"

साठ मेंढ्या. आमचं सगळं तेवढंच. मी रडायलाच लागले.

"रडून जमीन तापते का? चल, दोऱ्या सोड."

घरावर दोऱ्यांनी आवळलेले नमद्याचे दोन थर होते. तिने वरचा उतरवायला घेतला. गांतुमुर ओरडला, "आई, डोकं फिरलंय का तुझं? गारठून मरू आपण!"

"आपल्याला शेगडी आहे. त्यांना आहे?"

नमदा वाड्यात अंथरला. तो हिवाळा कसा काढला, आमचं आम्हाला ठाऊक. पोटाला शेगडीचा चटका आणि पाठीला बर्फ. छताच्या काठ्यांवर आतून हिम धरायचं. सासू खोकायची आणि वाऱ्याला शिव्या घालायची. मला एकही नाही. घातली असती तर बरं वाटलं असतं.

लोक विचारायचे, वरचा नमदा कुठे गेला? "म्हातारपणी अंगाची आग होते रे," ती सांगायची. माळभर हसं झालं तिचं. खरं कळलं असतं तर मला 'मेंढ्या मारणारी सून' म्हणाले असते, आणि इथे एकदा चिकटलेलं नाव जन्मभर निघत नाही.

वसंतात कोकरं झाली. दोन दगावली, बाकी टुणटुणीत. शेजारची दुल्मा चहाला आली आणि हसत म्हणाली, "काय सेर्स्माकाकू, अंगाची आग निवली का?"

मला राहवेना. "चूक माझी होती. वाडा मी..."

"गप गं! चहा ओत तिला," सासू कडाडली.

दुल्मा गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "सांगून टाकत होतीस? मग मी हिवाळाभर कुडकुडले कशाला?"