सरांचा आवाज आणि दोन डिस्क

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर घनसावंगीच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. प्रवेशाचा फॉर्म कुठं मिळतो, इथपासून सगळं त्यांनीच बघितलं. आज मी जालना एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो.

डोळ्यांनी दिसत नसलेल्या मुलांसाठी सरांनी आठवी ते दहावीची पुस्तकं स्वतःच्या आवाजात वाचून शाळेच्या लिनक्स संगणकावर साठवली होती. पुढं घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. आता ते शहागडला मुलाकडं राहतात. त्यामुळं "पाठ मधीच अडकून राह्यलेत" असा शाळेतून फोन आला, तेव्हा मी सुट्टी टाकून निघालो.

तिथला संगणकाचा शिक्षकही याच शाळेत शिकलेला, माझ्याहून वयानं लहान. तो निवांत होता.

"घाबरू नका दादा. सरांनी दोन डिस्क लावल्यात. एकीवर लिहिलं की दुसरीवर उतरतं. एक गेली तरी दुसरी हाय."

मी तपासलं. "दुसरी कधीच जोडीतून सुटलीय, तिच्यावर काही उतरत न्हाई. नववीचं रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी."

"अन् कुणाला कळलं न्हाई?"

"एका डिस्कवर मशीन चालतच राहिलं. इशारा मशीनच्या आतल्या मेलमधी पडून हाय."

"ते मेल कोण उघडतंय! मंग घ्या ना जोडून परत."

"जोडायचं म्हणजे एक खरी धरून दुसरी पुसायची. जुनी खरी धरली तर नववी-दहावी जाईल."

"चालू हाय ती धरा."

"ती मरायला टेकली. मधीच थांबली तर जुनीबी पुसलेली अन् हीबी गेलेली."

"कारखान्यात साहेबालाबी असंच भेव दाखवता का?" तो हसला. मला हसू आलं नाही. मी मशीन बंद केलं.

दोन्ही डिस्क जालन्याला आणल्या. आजारी डिस्कची नव्या डिस्कवर नक्कल घ्यायला लावली. वाचता येत नाही ती जागा सोडून पुढं जायचं, मागाहून तिथं परत फिरायचं. शेवटी तर तीच ती जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावत होतो. डिस्क नुसती टकटक करायची. मग नक्कल, तिच्यात काही बदल होणार नाही अशी, फक्त वाचण्यापुरती उघडली आणि एकेक पाठ ऐकला. त्यानंतर सरांना लिहिलं. फोनवर ते बोलू शकत नाहीत, आणि हे मुलाकरवी विचारणं मला बरं वाटेना.

आदरणीय सर,

सविनय जय भीम.

आठवीचे सगळे पाठ शाबूत आहेत. नववी बरीचशी हाती आली. दहावीच्या विज्ञानाचे मधले पाठ गेले. मला जेवढं येतं तेवढं सगळं करून बघितलं. मोठ्या शहरात डिस्क खोलून प्रयत्न करतात. मी पाठवणार आहे, पण आशा थोडी आहे. दुसरी डिस्क आधीच जोडीतून सुटली होती, आणि मशीननं ते तुम्हाला दिसेल असं कुठं सांगितलं नाही. म्हणून स्वतःला बोल लावू नका.

या पाठांवरच अभ्यास करणारी एक मुलगी यंदा दहावीला आहे. तिला थांबता येणार नाही. गेलेले पाठ मी वाचून द्यावेत का? तुमच्या आवाजाच्या मधे माझा आवाज घालायला मन धजत नाही. तुम्ही नको म्हणालात तर तिला माझे पाठ वेगळे देईन, तुमच्या पाठांना हात लावणार नाही.

दोन ओळी लिहून कळवा.

आपला विद्यार्थी