जबाबातलं जास्तीचं वाक्य

आमच्या हायस्कुलात मार तिसऱ्या तासाला असायचा. तो गणिताचा तास. सर प्रश्न विचारायचे, ज्यांना येत नाही ते भिंतीकडेला ओळीनं उभे राहायचे, आणि ज्याला येतं त्यानं पुढं येऊन उत्तर सांगायचं आणि मग ओळीतल्या एकेकाच्या थोबाडीत द्यायची. सर स्वतः हात लावत नसत. "मी मारलं तं दोन दिवस ध्यानात राहते," ते म्हणायचे, "पोरीच्या हातचं जलमभर राहते." म्हणून चार पोरांना उत्तर येत असलं तरी ते मुलींच्या बाकांकडं बघायचे. बहुतेक वेळा माझ्याकडं. मला गणित यायचं.

पहिल्यांदा मी हात नुसता टेकवला. सर खुर्चीतून उठले. "काहून वं, गोंजारून राहिली का त्याले?" त्यांनी माझं मनगट धरलं आणि पट्टी फिरवावी तसा माझाच हात त्या मुलाच्या गालावर फिरवला. दोनदा. हात माझा, जोर त्यांचा. संध्याकाळी बोटं सुजली होती आणि आई विचारत होती, कुणाशी भांडलीस.

मग मी शिकले. खोटं कशाला सांगू, जमायला लागलं तसं बरंही वाटायला लागलं. तळहात जरा खोलगट ठेवला की आवाज मोठा होतो आणि लागतं कमी, हे मी स्वतः शोधून काढलं होतं. सर आवाजावर खूश असत. मला वाटायचं, पोरांवर आपण उपकारच करतोय.

ओळीच्या शेवटी एक उंच मुलगा उभा राहायचा. कधी कुणाशी बोलायचा नाही. एके दिवशी त्यानं ऐन वेळी मान वळवली आणि माझा तो खोलगट हात गालाऐवजी कानावर बसला. तो मटकन खाली बसला. सर म्हणाले, "ऊठ, नाटकं नको करू." दुसऱ्या दिवशी तो कानात कापूस घालून आला. आठवड्याभरानं कापूस पिवळा दिसायला लागला, त्याच्या शेजारी कुणी बसेना. मी त्याच्याकडं बघत नव्हते. तिसऱ्या तासाला मात्र उठत होते, कारण उत्तर येत होतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर तोच मुलगा नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर माझ्यासाठी थांबला होता. हातात सायकलची चेन. पहिला फटका तोंडावर बसला, मी पडले. मग त्यानं माझा उजवा हात मोरीच्या दगडावर दाबून धरला आणि चेननं मारत राहिला. घाई नव्हती त्याला. मी ओरडत होते, पाया पडते म्हणत होते. तो कान पुढं करून म्हणाला, "जोरानं बोल. मले आयकू नाही येत."

दोन बोटं आजही मिटत नाहीत. मुख्याध्यापकांनी बाबांना समजावलं की पोलिसात गेलात तर पोरीचंच नाव खराब होईल, त्यापेक्षा गुपचूप दाखला न्या. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलं, 'पालकांची इच्छा'. मी नववीत होते. सर त्याच शाळेतून यथावकाश निवृत्त झाले, सत्कार झाला म्हणे.

चंद्रपूरकडचं ते गाव सोडून मी इकडं आले ती आत्यामुळं. आत्याचे यजमान चितेगावच्या एका कंपनीत होते. तिनं मला आणलं, पॅकिंगला लावलं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म माझ्यापुढं टाकला. दहावी-बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "मला कळत नाही त्यातलं," आत्या म्हणाली, "पण तू भर." दर रविवारी वर्गाला सोडून, बाहेर झाडाखाली बसून राहायची. तिचे उपकार मी कुठं ठेवू, मला कळत नाही. माझा स्वभावच तसा झालाय. कुणी पाणी दिलं तरी मी दोनदा थँक्यू म्हणते आणि मग घाबरते, की आता हा काय मागेल.

बी.ए. झाल्यावर विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला अर्ज केला. खिडकीवरच्या क्लार्कनं दहावीची गुणपत्रिका मागितली. नाही म्हटल्यावर माझी सगळी कागदं खिडकीतून बाहेर सरकवली. "मॅडम, पाया नसताना कळस? पुढचं कोण?"

माझ्या मागं एक जण उभा होता. तिशीचा असेल, हातात हेल्मेट. प्रवेशाच्या दिवसांत मुलांना मदत करणारी पोरं असतात, त्यांचा तो पुढारी. त्याला सगळे दादा म्हणायचे. "ताई, काय अडचण?" मी सांगितलं. त्यानं कागद बघितले, खिडकीत डोकं घातलं. "ओ साहेब, मुक्तवाल्यांना चालतं म्हणून परिपत्रक आहे ना? कशाला गरिबाला फिरवताय?" क्लार्क म्हणाला, "तू कोण सांगणारा?" दादानं हेल्मेट उचललं आणि काचेवर घातलं. काच क्लार्कच्या टेबलावर, चहात, त्याच्या मनगटावर. रक्त बघून मी मागं सरले. अर्ध्या तासात माझा प्रवेश झाला. मी दादाला चार वेळा थँक्यू म्हटलं. क्लार्कच्या मनगटाबद्दल मी त्या दिवशी एकदाही विचार केला नाही.

विद्यापीठ मला फार आवडलं. हे लिहिताना भीती वाटते, पण खरं आहे. इथं सर मला 'तुम्ही' म्हणतात. तास चालू असताना उठून गेलं तरी कुणी कुठं चाललीस विचारत नाही. उत्तर आलं नाही तर सर म्हणतात, "ठीक आहे, वाचून या." पहिल्या महिन्यात एकदा सरांनी पडद्यावरची धूळ झटकायला हात वर केला आणि मी बाकावर डोकं खाली घातलं. माझी खोलीसोबतीण फर्दापूरची. लेण्यांजवळ तिच्या वडिलांचं गारगोट्या विकायचं दुकान. ती बघत होती. "बये, लई भ्येतीस तू. हितं कोण मारतंय?"

ती चुकली. मारत होते, फक्त ते वेळापत्रकात नव्हतं. मुलांच्या वसतिगृहात अशी कितीतरी पोरं राहायची ज्यांचं शिक्षण संपून वर्षं झाली होती. त्यांना 'पॅरासाईट' म्हणतात. नाव रजिस्टरात नाही, गादी मात्र खोलीत. दादा त्यातलाच. माझ्या वर्गातल्या एका मुलाला खोली मिळाली होती, पण तिच्यात दादाची चार माणसं झोपायची आणि हा व्हरांड्यात. त्यानं लेखी तक्रार दिली. तक्रारीवर सही केलेला तो एकटाच.

सकाळी साडेअकरा. विभागाच्या व्हरांड्यात, सूचनाफलकाखाली, मी त्याच्याकडून वहीतल्या तारखा उतरवून घेत होते. दादा आणि दोन जण आले. दादानं मला बघून मान हलवली, "ताई, जरा बाजूला." मी झाले. बाजूला झाले, हे मी विसरत नाही.

पहिला हेल्मेटचा फटका जबड्यावर. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो भिंतीला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता, तर एकानं पाय ओढले. मग तिघं. बुटानं बरगड्यांत, हेल्मेटनं डोक्यात, आणि दादा प्रत्येक फटक्याला एक शब्द बोलत होता. "कर. अजून. तक्रार. कर." माझ्या वहीवर रक्ताचे थेंब उडाले. तासातली वीसेक मुलं दारात आली आणि दार आतून लावून घेतलं. मी किंचाळले का, मला आठवत नाही. जाताना दादा म्हणाला, "हा जिन्यावरून पडला. बरोबर ना, ताई?"

चार दिवसांत चौकशी समिती बसली. दादाबरोबरच्या त्या दोघांनी उलटी तक्रार केली होती की यानंच आधी हात टाकला. साक्षीदार नसेल तर मारामारीत दोन्ही बाजू दोषी, आणि दोन्ही बाजूंना काढून टाकायचं. म्हणजे जबडा तारांनी बांधलेला तो मुलगा विद्यापीठाबाहेर जाणार होता. दारातल्या वीस जणांनी काहीच बघितलं नव्हतं. उरले मी.

माझ्या जबाबाच्या आदल्या संध्याकाळी दादा मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी आला. आवाज एकदम गोड.

"ताई, तुमचं अ‍ॅडमिशन कुणी केलं?"

"तुम्ही."

"बस्स. मी काय मागतोय का काही? फक्त विचारतोय." मग थांबून, "दहावी नसलेली पोरगी एम.ए.ला कशी, असं उद्या कुणी पत्र दिलं तर मला लई वाईट वाटेल हो. आणि आत्या चितेगावला असतात ना? संध्याकाळची बस रिकामी असते तिकडची."

माझी खोलीसोबतीण मागंच उभी होती. "ओ दादा, तिच्या आत्याचं नाव काढलं ना, तर फर्दापूरहून माणसं आणीन. दगड विकतो आम्ही, दगड!" दादा हसला आणि गेला. खोलीत आल्यावर तिला रडू फुटलं. "जाऊ नको उद्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "जा. नाय, नको जाऊ. मला नाय कळत."

मी गेले. तीन प्राध्यापक होते, मधे आमच्या विभागप्रमुख मॅडम. मी उभी राहिले तर त्या म्हणाल्या, "बसा ना." पाण्याचा ग्लास पुढं केला. "घाई नाही. काय बघितलं ते सांगा." आणि खरंच गप्प राहिल्या. कुणी प्रश्न विचारून इतका वेळ माझी वाट बघितलेली मला आठवत नव्हती. मी सगळं सांगितलं. कोण, कशानं, कुठं, आधी कुणी, जाताना काय म्हणाला, फाटकाशी काय म्हणाला. लिहून घेणाऱ्या सरांनी वाचून दाखवलं. सही करायची तेवढी राहिली होती, आणि मला वाटलं, हे अर्धंच झालं. ज्या माणसानं मला इथं आणलं त्याच्याविरुद्ध सही करतेय आणि ते कुठंच लिहिलेलं नाही.

"सर, अजून एक लिहा. माझ्याकडं दहावी नाही म्हणून मला प्रवेश नाकारत होते, तो दादांनीच मिळवून दिला. मी त्यांची आभारी आहे."

"याचा इथं संबंध नाही," सर म्हणाले.

"खरं आहे ते, सर. लिहा."

मॅडमनी विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. सरांनी लिहून घेतलं.

बाहेर बाकावर दादा बसला होता. उठला. पहिल्यांदाच अरे-तुरेवर आला. "काय सांगितलंस?"

"सगळं. तुम्ही माझं केलेलं पण."

एक क्षण त्याचा हात वर गेला आणि मी डोळे मिटले. मग त्यानं सूचनाफलकाच्या काचेवर ठोसा घातला, एक, दोन, काच फुटली तरी आतल्या लाकडावर घालत राहिला. कागद लाल झाले. तुकडे माझ्या पायांवर पडले, चपलेतून आत गेले. रखवालदार धावत आला आणि आणखी दोघांच्या मदतीनं त्याला खाली दाबला.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. मुलावरची उलटी तक्रार रद्द, तो राहिला. दादाच्या जोडीदारांना कायमचं काढलं. दादाला मात्र एक वर्ष आवारात यायला बंदी. 'विद्यार्थ्यांना केलेल्या मदतीचा साक्षीदारानेच केलेला उल्लेख लक्षात घेता', असं आदेशात होतं. म्हणजे पुढच्या जूनला तो परत फाटकातून येऊ शकतो. आणि जबाबातलं तेच वाक्य वाचून पात्रता कक्षानं मला पत्र पाठवलं, की आपली दहावीची गुणपत्रिका सादर करावी. दादानं कुणाला काही लिहिलं नव्हतं. त्याची गरजच राहिली नव्हती.

तो आदेश घेऊन मी आणि माझी खोलीसोबतीण कँटीनला गेलो. वर्गातला तो मुलगा चहा गार करून नळीनं पीत होता. जबडा अजून बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्यानं आदेश वाचला. मग मोबाईलवर टाईप करून माझ्यासमोर धरलं.

'साक्ष दिलीस की कॅरॅक्टर सर्टिफिकेट?'

मैत्रीण भडकली. "अय शहाण्या, ती नसती तर जिन्यावरून पडला असतास तू कागदावर! गप चहा वढ."

त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. पुन्हा टाईप केलं. 'एका वर्षानं तो येणार. मी इथंच असेन. मार खाल्ल्यावर मला पहिल्यांदा झोप कधी लागली माहितीय का? परवा.'

मला म्हणायचं होतं की मी खरं तेच सांगितलं. पण खरं सांगताना मला कुणाचं देणं राहायला नको होतं, हेही तितकंच खरं, आणि ते देणं फेडलं गेलं त्याच्या झोपेतून. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यानं नळीनं उरलेला चहा ओढला, आणि तिघांचे पैसे देऊन आमच्या आधी निघून गेला.

मी मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, वाक्य आता मागं घेता येत नाही, पण शिक्षा वाढवावी म्हणून अर्ज करता येतो. पात्रतेचं काय होईल ते मात्र त्यांच्या हातात नाही. अर्ज मी केला. फाटकापाशी मिळालेल्या धमकीचं, आत्याच्या बसचं, सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी आभार न मानता. त्याची पोच मिळाली आहे. पात्रतेच्या पत्राला मी उत्तर दिलंय, त्यावर निर्णय यायचा आहे. हॉल तिकीट थांबवून ठेवलंय. तोवर तासांना बसायला मला कुणी मनाई केलेली नाही, म्हणून मी रोज जाते.