निर्भेळ दूध

वस्तीच्या टोकाला गोठा असलेल्या त्या दूधवाल्याला सगळे 'निर्भेळ' म्हणत. कुणी सहज "आज दूध पातळ दिसतंय" म्हटलं, की हा किटली खाली ठेवून भांडायला उभा. "गाय पाणी जास्त प्यायली असेल, मी नाही घातलं! निर्भेळ आहे!"

मुलीचं पोट दुखू लागलं तेव्हा त्याचा पहिला उपाय अर्थातच कोमट दूध. जुलाब झाले, दूध. वजन उतरलं, सायीसकट दूध. शेवटी बायकोनंच पोरीला मोठ्या दवाखान्यात नेण्याचा हट्ट धरला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटात दुर्बीण घालून तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "आतड्याला सूज आहे. दुधातली साखर पचवणारं एन्झाइम आतड्याच्या अस्तरातच तयार होतं. अस्तरच दुखावलंय, तर ते येणार कुठून? सूज उतरेपर्यंत दूध पूर्ण बंद. औषध देते."

निर्भेळनं मान डोलावली आणि मनाशी ठरवूनही टाकलं, की हे पिशवीतल्या दुधाबद्दल चाललंय. बिचाऱ्या बाईंनी त्याच्या गाईचं दूध कुठे चाखलं होतं?

सकाळी धार काढताना मुलगी गोठ्यात येऊन बसे. तो पेला पुढे करी. "आईला सांगू नकोस हं. आपलं गुपित." ती पिऊन टाकी, ओठावरची पांढरी मिशी बाहीला पुशी आणि हसे.

"दुखतंय का गं?"

"नाही बाबा. मस्त आहे."

गोठ्यातून ती थेट संडासाकडे पळते, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण आज पेला दिला नाही, तर इतके दिवस आपणच चुकत होतो असं झालं असतं. ते कबूल करायला जीव धजेना. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. हा डोळे मिटून पाजत होता.

इकडे बायको हैराण. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची, पोरीची भांडी वेगळी घासायची. एकदा ओट्याशी उभी राहून रडली. "माझ्याच हातून काहीतरी जातंय तिच्या पोटात." निर्भेळ तिथंच जेवायला बसला होता. आपल्याला बायकोसमोर जेवायची लाज वाटते आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पुढच्या तपासणीला तिघं गेले. वजन आणखी उतरलं होतं.

"औषध लागू पडत नाहीये," बाई म्हणाल्या. "घरात दूध जातंय का?"

"नाही हो," बायको म्हणाली. "मीच कुठेतरी कमी पडतेय."

"तू पितेस का गं?"

"नाही," मुलगी म्हणाली. पापणी हलली नाही. बापाकडे तिनं पाहिलंही नाही. इतकं सफाईदार खोटं ती आपल्याच गोठ्यात शिकली, हे त्याच्या काळजात रुतलं.

"मग पुन्हा दुर्बीण घालू. औषधही जास्त कडक द्यावं लागेल."

मुलीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"मी देतो," निर्भेळ म्हणाला. "रोज. घरचंच आहे, निर्भेळ..."

"दूध चांगलंच असणार हो," बाई हळू म्हणाल्या. "पण तिला ते पचत नाही."

बायकोनं मुलीच्या तपासण्यांच्या कागदांची पिशवी त्याच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली. दुधात थेंबभर पाणी न घालणाऱ्या माणसानं घरात इतकी भेसळ केली होती.

बाई बायकोला नवीन पथ्य समजावत होत्या, तेवढ्यात तो मुलीला घेऊन बाहेरच्या बाकाशी आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

"दुखायचं ना तुला?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"मी प्यायले की तू किती खूश व्हायचास."

त्याचे डोळे भरून आले. तो पुसायला लागला, तर मुलगीच घाबरली. त्याच्या सदऱ्याची बाही धरून तिनं विचारलं, "बाबा, दूध नाही प्यायलं तरी मी गोठ्यात आलेली चालेल ना तुला?"